अवकाशाच्या मिती किती? गुरुत्वाकर्षणाची साक्ष

झाडावरून सुटलेले फळ जमिनीवर पडते, चंद्राच्या ओढीने समुद्राला भरती येते आणि पृथ्वी सूर्याभोवती फिरत राहते. या तिन्ही गोष्टींच्या मुळाशी एकच गुरुत्वाकर्षण आहे, हे शाळेत गेलेल्या प्रत्येकास ठाऊक असते. अंतर दुप्पट झाले की ही ओढ चौथा हिस्सा उरते, तिप्पट झाले की नववा हिस्सा, हा नियमही पुष्कळांना पाठ असेल. परंतु ती चौथा हिस्साच का उरावी, आठवा का उरू नये, असा प्रश्न एखाद्या चौकस विद्यार्थ्याने केला, तर शिक्षकास क्षणभर थांबून उत्तर द्यावे लागते. कारण या साध्या प्रश्नाच्या पोटी दुसरा एक फार मोठा प्रश्न दडलेला आहे. आपण ज्या अवकाशात राहतो त्याला मिती किती? लांबी, रुंदी आणि उंची या तीनच, की आणखीही काही? आज मला आपणांपुढे मांडावयाचे आहे ते हेच की, या प्रश्नाचा निर्णय कल्पनेने होत नाही. गुरुत्वाकर्षण निरनिराळ्या अंतरांवर काळजीपूर्वक मोजूनच तो करावा लागतो. आणि जेथे अद्याप मोजमाप झालेले नाही, तेथे मिती तीनच आहेत असे ठासून सांगण्याचा अधिकार कोणासही नाही.

प्रथम मिती म्हणजे काय ते स्पष्ट करून घेऊ. एखादे ठिकाण निश्चित सांगण्यास जितकी स्वतंत्र मापे लागतात, तितक्या मिती. रेल्वेच्या रुळावरील ठिकाण सांगण्यास एक माप पुरते. मुंबईहून इतके किलोमीटर म्हटले की काम झाले. शेतातील विहीर दाखविण्यास दोन मापे लागतात. मिरा रोडच्या एखाद्या उंच इमारतीतील बिऱ्हाड गाठावयाचे तर पूर्वपश्चिम किती, उत्तरदक्षिण किती आणि मजला कितवा, अशी तीन मापे पाहिजेत. चौथी मिती असलीच तर ती या तिन्ही दिशांशी काटकोन करणारी एक नवी दिशा असेल. तिचे चित्र मनापुढे उभे करणे मनुष्यास शक्य नाही. परंतु गणितास चित्राची गरज नसते. चार, पाच किंवा दहा मितींचे गणित तितक्याच निर्दोषपणे मांडता येते. येथे मी काळास चौथी मिती मानणाऱ्या सापेक्षतावादाच्या परिभाषेत बोलत नसून, केवळ अवकाशाच्या मितींविषयी बोलत आहे, एवढे ध्यानात असू द्यावे.

आता मूळ नियमाकडे वळू. पृथ्वीच्या ठायी आकर्षणशक्ती आहे, हा विचार आपल्याकडे भास्कराचार्यांनी ११५० साली पूर्ण केलेल्या सिद्धान्तशिरोमणीत आढळतो. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखामुळे या थोर गणितज्ञाचे घराणे महाराष्ट्राच्या चांगले परिचयाचे आहे. तथापि ती शक्ती अंतराबरोबर किती कमी होते, याचा हिशेब तेथे नाही. तो न्यूटनने १६८७ साली प्रसिद्ध केला, आणि त्याचा ताळा त्याने चंद्रावरून घेतला. पृथ्वीच्या मध्यापासून आपण जितके दूर आहोत, त्याच्या सुमारे ६० पट चंद्र दूर आहे. तेव्हा नियम खरा असेल तर तेथील ओढ येथल्या ओढीच्या ३६०० वा हिस्सा असली पाहिजे. चंद्र आपल्या कक्षेत पृथ्वीकडे किती वळतो ते मोजले असता उत्तर नेमके तितकेच येते.

परंतु वर्गच का? याचे स्पष्टीकरण समईच्या उजेडाने करता येईल. ज्योतीतून निघणारा प्रकाश चोहोंकडे पसरतो. ज्योतीभोवती एक हात त्रिज्येचा गोल कल्पिला तर सारा प्रकाश त्या गोलाच्या पृष्ठभागावर वाटला जातो. त्रिज्या दोन हात केली की पृष्ठभाग चौपट होतो. प्रकाश तितकाच राहिल्यामुळे प्रत्येक जागी त्याचा चौथा हिस्सा येतो. गुरुत्वाकर्षणाचा प्रभावही वस्तूपासून असाच चोहोंकडे पसरतो असे समजले, म्हणजे व्यस्त वर्गाचा नियम आपोआप हाती येतो. तीन मितींच्या अवकाशात गोलाचे पृष्ठ त्रिज्येच्या वर्गाने वाढते, हे त्याचे खरे कारण. अवकाशाला चार मिती असत्या तर पृष्ठ घनाने वाढले असते आणि ओढ अंतर दुप्पट होताच आठवा हिस्सा झाली असती. पाच असत्या तर सोळावा. मितींची संख्या आणि ओढीचा नियम यांचे असे नाते आहे, ही गोष्ट तरुण इमॅन्युएल कांटने आपल्या पहिल्याच ग्रंथात, १७४७ च्या सुमारास, हेरली होती. पुढे १९१७ साली एरेनफेस्ट या भौतिकशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, तीनहून अधिक मितींच्या अवकाशात ग्रहांच्या कक्षा स्थिर राहूच शकत नाहीत. किंचित धक्का लागताच ग्रह एकतर सूर्यात कोसळेल किंवा कायमचा दूर निघून जाईल. पृथ्वी अब्जावधी वर्षे आपल्या कक्षेत फिरत आहे, हाच मिती तीन असल्याचा पुरावा, असे यावरून वाटेल. आणि पुष्कळ काळपर्यंत विद्वानांस तसे वाटतही होते.

तथापि या पुराव्यात एक फट आहे. चंद्र आणि ग्रह साक्ष देतात ती लाखो आणि कोट्यवधी किलोमीटरांच्या अंतरांविषयी. एखादी मिती इतकी आखूड असेल की तिचा शेवट केसाच्या जाडीच्या आतच होतो, तर ग्रहांना तिचा पत्ता कसा लागावा? ही गोष्ट समजण्यास मी आपणांस मिठागरात नेतो. आमचे भाईंदर एके काळी मिठागरांचे गाव म्हणूनच ओळखले जाई. भरतीचे खारे पाणी बांधांमधील चरांतून आत घ्यावयाचे आणि रुंद, उथळ वाफ्यांत उन्हाने आटवावयाचे, अशी तेथील रीत. अशा एका विस्तीर्ण वाफ्याच्या मधोमध नळ उभा करून त्यातून एकसारखे पाणी सोडले आहे, आणि पाण्याची खोली सर्वत्र सारखी, वीतभर राहील अशी व्यवस्था आहे, असे समजा. पाणी वर्तुळाकार पसरेल. नळापासून दुप्पट अंतरावर त्याच्या सरकण्याचा वेग निम्मा होईल, कारण तेच पाणी आता दुप्पट परिघातून जात आहे.

आता तोच नळ दहा हात रुंदीच्या लांबच लांब चराच्या मध्यावर उभा करा. नळापासून हात-दोन हातांपर्यंत पाणी पूर्वीप्रमाणेच वर्तुळाकार पसरेल आणि वेग अंतरागणिक कमी होत जाईल. परंतु काठ गाठल्यावर आडवे पसरण्यास जागा उरत नाही. मग पाणी चराच्या दोन अंगांनीच वाहू लागते, आणि तेथून पुढे पन्नास हातांवर काय अथवा शंभर हातांवर काय, वेग सारखाच. म्हणजे नळाजवळ एक नियम आणि दूर दुसरा नियम. आणि हा पालट होतो तो चराच्या रुंदीइतक्या अंतरावर. खऱ्या लपलेल्या मितीस काठ नसतात. ती वर्तुळासारखी स्वतःतच मिटलेली असते असे मानतात. एवढा फरक सोडला तर दृष्टान्त तंतोतंत लागू पडतो. मितीच्या विस्ताराहून मोठ्या अंतरांवर गुरुत्वाकर्षण व्यस्त वर्गाने चालेल. त्याहून लहान अंतरांवर ते अधिक झपाट्याने बदलेल. एक मिती अधिक असेल तर घनाने, दोन असतील तर चतुर्घाताने.

या दृष्टान्तात आणखी एक मर्म आहे, आणि पुढील सारी कथा त्यावरच उभी आहे. चराच्या काठी दूरवर एक मनुष्य बसला आहे. त्यास नळ दिसत नाही, पुढून जाणारे पाणी मात्र दिसते. चर एकच हात रुंद आहे, अशी त्याची समजूत आहे. तो पाण्याचा वेग मोजील आणि म्हणेल, नळ अगदी बारीक असला पाहिजे. वस्तुतः नळ त्याच्या अंदाजाच्या दसपट मोठा आहे. त्याचे पाणी चराच्या रुंदीत वाटले गेले, एवढेच. गुरुत्वाकर्षणाच्या बाबतीत आपण त्या मनुष्यासारखे तर नाही ना?

ही शंका येण्यास सबळ कारण आहे. गुरुत्वाकर्षण हे निसर्गातील बलांमध्ये विलक्षण दुबळे आहे. एक लहानसा लोहचुंबक टाचणी उचलतो, तेव्हा तो साऱ्या पृथ्वीच्या ओढीवर मात करीत असतो. दोन प्रोटॉनांमधील विद्युत्‌बल त्यांच्यातील गुरुत्वाकर्षणाच्या किती पट असते, हे लिहिण्यास १ या अंकावर ३६ शून्ये द्यावी लागतात. इतकी तफावत का असावी, याचे समाधानकारक उत्तर आजवर मिळालेले नाही.

अधिक मितींची कल्पना शास्त्रात प्रथम आली ती मात्र या कोड्यापायी नव्हे. आइन्स्टाइनने १९१५ साली गुरुत्वाकर्षण म्हणजे अवकाश आणि काळ यांचीच वक्रता होय असे प्रतिपादिले. त्यानंतर १९१९ साली थिओडोर कालुझा या जर्मन गणितज्ञाने त्यास पत्राने कळविले की, अवकाशास आणखी एक मिती मानली तर त्याच समीकरणांतून विद्युत्‌चुंबकीय बलाचे नियमही निघतात. हा निबंध १९२१ साली प्रसिद्ध झाला. ती मिती आपणांस का दिसत नाही, याचे उत्तर १९२६ साली स्वीडनच्या ऑस्कर क्लाइनने दिले. ती अतिसूक्ष्म वर्तुळात मिटलेली आहे, असे त्याचे म्हणणे. क्लाइनचे वर्तुळ अणूच्याही मानाने कल्पनातीत लहान असल्यामुळे प्रयोगाचा प्रश्नच उद्भवत नव्हता, आणि ही कल्पना पुष्कळ वर्षे केवळ गणिताच्या दालनात राहिली.

तिला प्रयोगशाळेच्या दारात आणून उभे केले ते १९९८ साली. नीमा अर्कानी-हमेद, सावास डिमोपुलोस आणि गिया द्वाली या तिघांनी एक धीट प्रश्न विचारला: लपलेली मिती चांगली मिलिमीटरभर मोठी असली तर बिघडले कोठे? प्रकाश, वीज आणि पदार्थांचे कण आपल्या तीन मितींच्या पटलालाच जखडलेले आहेत. केवळ गुरुत्वाकर्षणास त्या पटलाबाहेर जाता येते, असे त्यांनी गृहीत धरले. फळ्यावर काढलेली आकृती फळ्यावरच राहते, परंतु खडूचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो, तसाच काहीसा हा प्रकार. गुरुत्वाकर्षण ही अवकाशाचीच वक्रता असल्यामुळे, जेवढे म्हणून अवकाश आहे तेवढ्या सर्वांत त्याचा संचार असणार, हे म्हणणे तर्कास धरूनही आहे. मग गुरुत्वाकर्षण दुबळे का, या प्रश्नास उत्तर मिळते. नळ मोठाच आहे; चर आपण समजतो त्याहून रुंद आहे.

या कल्पनेचा मोठा गुण असा की तिच्यातून हिशेब करून आकडे काढता येतात. दुबळेपणाचे सर्व कारण एकाच अधिक मितीवर टाकावयाचे, तर ती मिती सुमारे पृथ्वी व सूर्य यांच्यातील अंतराइतकी मोठी असावी लागेल. तसे असते तर ग्रहांच्या कक्षा केव्हाच मोडल्या असत्या. तेव्हा तो पर्याय बाद. तीन किंवा अधिक मिती मानल्या तर त्यांचा विस्तार इतका लहान निघतो की कोणत्याही तराजूच्या आटोक्यात येत नाही. दोन मिती मानल्या मात्र विस्तार मिलिमीटरच्या आसपास येतो. आणि येथेच नवल आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मिलिमीटरहून लहान अंतरावर व्यस्त वर्गाचा नियम कोणी नीट पडताळलाच नव्हता. ज्या नियमाने आपण धूमकेतूंची भाकिते करतो, तो टेबलावरील दोन मोहरीच्या दाण्यांमध्ये चालतो की नाही, याविषयी जगातील एकही शास्त्रज्ञ शपथेवर सांगू शकत नव्हता. मिलिमीटरभर विस्ताराच्या दोन मिती खरोखर असत्या, तर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यावर ओढ न्यूटनच्या हिशेबाच्या सुमारे शंभरपट भरली असती.

हा शोध घेण्याचे साधन मात्र जुनेच होते. हेन्री कॅव्हेंडिशने १७९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका बारीक तारेस आडवी दांडी टांगून तिच्या टोकांना शिशाचे लहान गोळे लावले, आणि त्यांच्याजवळ सुमारे १५८ किलोग्रॅमचे दोन मोठे गोळे आणले. लहान गोळे किंचित ओढले गेले, तारेस पीळ बसला, आणि त्या पिळावरून त्याने पृथ्वी पाण्याच्या सुमारे साडेपाच पट घन असल्याचे काढले. या पिळाच्या तराजूचेच अत्यंत सूक्ष्म रूप अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी सिद्ध केले. गोळ्यांच्या जागी त्यांनी छिद्रे पाडलेल्या धातूच्या चकत्या घेतल्या. वरची चकती तारेने टांगलेली, खालची सावकाश फिरणारी. छिद्रांखालून छिद्रे सरकू लागली की वरच्या चकतीस अतिशय मंद झोके बसतात. विजेचा लवलेशही मध्ये येऊ नये म्हणून दोहोंमध्ये धातूचा पातळ पडदा ताणलेला असतो, कारण विजेच्या मानाने गुरुत्वाकर्षण किती दुर्बल, हे आपण पाहिलेच आहे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. या संशोधकांनी २००१ साली २१८ मायक्रॉनपर्यंत, २००७ साली सुमारे ५५ मायक्रॉनपर्यंत आणि २०२० साली ५२ मायक्रॉनपर्यंत नियम पडताळून पाहिला. मनुष्याच्या केसाची जाडी साधारण ५० ते १०० मायक्रॉन असते, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाचे मोल कळेल. प्रत्येक वेळी उत्तर एकच आले: व्यस्त वर्ग अबाधित आहे.

आकाशानेही एक साक्ष दिली. १९८७ च्या फेब्रुवारीत मोठ्या मॅगेलन मेघातील एका ताऱ्याचा स्फोट झाला, आणि न्यूट्रिनो नामक कणांचा वर्षाव पृथ्वीवरील उपकरणांनी सुमारे दहा-बारा सेकंदपर्यंत नोंदविला. ताऱ्याच्या गाभ्यातील ऊर्जा लपलेल्या मितींत पळून जात असती, तर हा वर्षाव याहून लवकर आटोपला असता. यावरून केलेला हिशेब सांगतो की, अशा मिती दोनच असतील तर त्यांचा विस्तार मायक्रॉनहूनही लहान असला पाहिजे. युरोपातील महाकाय कणवेगयंत्रातही हरवलेल्या ऊर्जेच्या खुणा शोधण्यात आल्या. त्या शोधात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्थाही सहभागी आहे. आजवर अशी खूण सापडलेली नाही.

या कामात आपल्या लोकांचा भाग किती, हे सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. १९८६ साली काही शतक मीटरांच्या अंतरावर गुरुत्वाकर्षणात भर घालणारे ‘पाचवे बल’ असावे, असा जगभर बोलबाला झाला होता. तेव्हा होमी भाभांनी १९४५ साली स्थापिलेल्या याच टाटा संस्थेतील रामनाथ कौसिक, सी. एस. उन्नीकृष्णन आणि त्यांचे सहकारी यांनी कर्नाटकातील गौरीबिदनूर येथे, रहदारीच्या धक्क्यांपासून दूर, भूमीखाली पिळाचा तराजू टांगला. आणि १९८८ साली या बलाच्या शक्यतेस कडक मर्यादा घातली. १९९८ नंतर अधिक मितींच्या खुणा कणांच्या टकरींत कशा ओळखाव्यात, याचे गणित मांडण्यात या संस्थेचे श्रीरूप रायचौधुरी आणि के. श्रीधर अग्रेसर होते. या विषयावरील त्यांचा ग्रंथ २०१६ साली केंब्रिजहून निघाला आहे. पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेचे २००३ ते २००९ या काळातील संचालक नरेश दधीच यांनी २००० साली तीन सहकाऱ्यांसह, आपल्या मितींच्या पटलावरील कृष्णविवर कसे असेल, याचे उत्तर शोधले. बाहेरच्या मितीतील वक्रतेचा पडसाद पटलावर उमटून कृष्णविवराजवळची ओढ न्यूटन-आइन्स्टाइनच्या हिशेबाहून थोडी निराळी होते, असे त्यातून निघते. त्यांचे विवेचन ज्या मांडणीवर आधारलेले होते, ती लिसा रँडल आणि रामन सुंद्रम यांनी १९९९ साली पुढे आणली. त्यांच्या मते लपलेली मिती आखूडच असली पाहिजे असे नाही; ती अनंत असूनही इतकी वक्र असू शकेल की गुरुत्वाकर्षण आपल्या पटलाजवळच गोळा होऊन राहील.

येथवर आपण लहान अंतरांचा विचार केला. परंतु अंतराचे दुसरे टोकही आहे. १९९८ सालीच असे आढळले की, विश्वाचा विस्तार मंदावण्याऐवजी वेग घेत आहे. द्वाली, गबादाद्झे आणि पोराती यांनी २००० साली सुचविले की, गुरुत्वाकर्षण जवळच्या अंतरांवर आपल्या पटलाशी इमान राखते, परंतु विश्वाच्या विस्ताराशी तुलना करण्याजोग्या अंतरांवर बाहेरच्या मितीत गळू लागते. मिठागराच्या भाषेत सांगावयाचे तर चराचा बांध दूर कोठे तरी झिरपतो आहे. कल्पना मोठी मोहक. परंतु पुढील निरीक्षणांशी तिच्या मूळ रूपाचा मेळ बसला नाही, आणि तिच्या गणितातही दोष आढळले.

ही गळती मोजण्याची एक नामी संधी १७ ऑगस्ट २०१७ रोजी आली. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरील एका आकाशगंगेत दोन न्यूट्रॉन तारे परस्परांवर आदळले. त्यांच्या गुरुत्वीय लहरी अमेरिका व युरोपातील यंत्रांनी टिपल्या, आणि अवघ्या १.७ सेकंदांनी गॅमा किरणांची चमक पोहोचली. श्रोतेहो, १३ कोटी वर्षांचा प्रवास आणि पावणेदोन सेकंदांचे अंतर! गुरुत्वाकर्षणास लपलेल्या मितीतून एखादी आडवाट सापडली असती, तर ते प्रकाशाच्या कितीतरी आधी येऊन ठेपले असते. याखेरीज दुसरा ताळाही घेता आला. तीन मितींत या लहरींचा जोर अंतराच्या प्रमाणात घटतो. गळती असती तर त्याहून अधिक घटला असता. लहरींच्या जोरावरून काढलेले अंतर आणि त्या आकाशगंगेच्या निरीक्षणावरून काढलेले अंतर यांचा मेळ घालून २०१८ साली मितींची संख्या काढण्यात आली. ती तीनच निघाली, फार तर एका मितीच्या दहाव्या हिश्श्याची चूकभूल. या घटनेनंतरच्या रेडिओ लहरी पाहण्याच्या कामी पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय दुर्बीणही लावण्यात आली होती. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेल्या या दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. तसेच अशा लहरींचा क्षीण सूर गोंगाटातून निवडून काढण्याची गणिती रीत विकसित करण्यात आयुकाचे संजीव धुरंधर यांचा वाटा मोठा आहे.

नागनाथाच्या प्राचीन देवळासाठी प्रसिद्ध असलेल्या हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथच्या परिसरात अशाच लहरी टिपणारे, चार चार किलोमीटरांच्या दोन भुजांचे यंत्र उभारावयाचे ठरले आहे. केंद्र सरकारने २०१६ साली त्यास तत्त्वतः आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये २६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मान्यता दिली. इतका पैसा कशासाठी, असा प्रश्न गृहस्थाच्या मनात येणे स्वाभाविक आहे, आणि तो अनुचितही नाही. आइन्स्टाइनच्या समीकरणांचा १९१५ साली कोणास काय उपयोग होता? आज आपल्या हातातील यंत्र रस्ता दाखविते ते उपग्रहांवरील घड्याळांत त्याच समीकरणांप्रमाणे रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंदांची दुरुस्ती केलेली असते म्हणून. ती न केल्यास एका दिवसात किलोमीटरांची चूक पडेल. तथापि केवळ अशा लाभाच्या आशेवर ही उठाठेव करावी, असे मी म्हणणार नाही. दूरदूरच्या अशा आणखी शेकडो घटनांच्या लहरी अचूक टिपता आल्या, आणि त्या कोठून आल्या हे नेमके ठरविता आले, म्हणजे मितींची मोजणी आजच्यापेक्षा कितीतरी काटेकोर होईल. मराठवाड्यातील यंत्राने या मोजणीत भाग घ्यावा, यात मला स्वतःला सार्थकता वाटते.

असो. आता हिशेब मांडू. केसाच्या जाडीइतक्या अंतरापासून कोट्यवधी प्रकाशवर्षांपर्यंत, जेथे जेथे आपण गुरुत्वाकर्षण तपासले, तेथे तेथे त्याने तीन मितींचीच साक्ष दिली आहे. परंतु ५० मायक्रॉनच्या खाली साक्षीदार अद्याप बोललेला नाही. विजेचे बल अणूच्या गाभ्यापर्यंत पारखून झाले असता, ज्या बलाने पृथ्वी आपणांस धरून ठेवते, त्याच्या बाबतीत धुळीच्या कणाएवढ्या अंतरातही कोरा प्रदेश शिल्लक आहे. तेथे आणखी मिती आहेतच, असा माझा दावा नाही. तेथे त्या नाहीतच, असाही कोणी करू नये.

या संदर्भात एक जुनी गोष्ट सांगण्याजोगी आहे. लाइपझिगच्या त्सॉल्नर नामक खगोलशास्त्रज्ञाने १८७७ साली स्लेड या भूतविद्येच्या माध्यमाचे प्रयोग पाहून, दोरीस आपोआप पडलेल्या गाठी हा चौथ्या मितीचा पुरावा मानला. माणूस विद्वान होता, गणितही त्यास येत होते. परंतु त्याने मोजमापाऐवजी चमत्कारावर भिस्त ठेवली आणि पश्चात तो उपहासास पात्र झाला. आजही ‘दुसऱ्या मितीतील शक्ती’ असे शब्द व्यासपीठावरून आणि जाहिरातींतून आपल्या कानी पडतात. असे बोलणारास एकच प्रश्न विचारावा: महाराज, आपली ही मिती किती विस्ताराची, आणि तिच्यामुळे कोणत्या अंतरावर कोणते बल किती बदलते? ज्यांनी १९९८ साली अधिक मितींची कल्पना मांडली, त्यांनी या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत दिले आणि आपली कल्पना तराजूत घालण्यास आपण होऊन पुढे केली. त्यांच्या कल्पनेस अजून पुरावा मिळालेला नाही. परंतु तिच्यामुळे २१८ मायक्रॉन, ५५ मायक्रॉन, ५२ मायक्रॉन अशी ज्ञानाची पायरी उतरता आली. शास्त्रात कल्पनेची किंमत अशी ठरते.

आपल्या घरात भूमिती शिकणारे मूल असेल, आणि त्याने उद्या विचारले की, अंतराचा वर्गच का, घन का नाही, तर ‘पुस्तकात तसे आहे’ असे सांगून त्यास गप्प करू नका. समईजवळ पाटी धरा, ती दुप्पट दूर न्या, आणि उजेड का मंदावला ते त्यास सांगू द्या. मग हेही सांगा की, हा नियम अमुक अंतरापासून अमुक अंतरापर्यंत माणसांनी मोजून पाहिला आहे, आणि त्यापलीकडचे मोजावयाचे काम अजून शिल्लक आहे.